शाळा सोडल्याचे कारण

आठवी ब मध्ये आम्ही त्रेचाळीस होतो
आणि बाक चौदा.
चौदा त्रिक बेचाळीस.
ओव्हाळ बाई म्हणाल्या, बघा रे, बाकी म्हणतात ती ही,
आणि मला टेबलाशेजारी स्टुलावर बसवलं.
दिवाळीपर्यंत माझं नाव बाकी होतं.

खिडकीतून रिफायनरीची ज्योत दिसायची,
दिवसाढवळ्यासुद्धा.
तिकडून वारा आला की मॉनिटर उठून खिडक्या लावायचा.
हा वास कसला, ते आम्ही विज्ञानाच्या पुस्तकात शोधलं.
घरत सर म्हणाले, परीक्षेला नाही.

दिवाळीनंतर यल्लप्पा आलाच नाही.
एक आठवडा बाईंनी त्याचं नाव घेतलं,
दुसऱ्या आठवड्यात घेऊन लगेच पुढचं घेतलं,
तिसऱ्या आठवड्यात मला म्हणाल्या,
जा, बस तिथे.
बाकावर कर्कटकाने कोरलेलं होतं: यल्ल
आणि पुढे लाकूड गुळगुळीत.
मला मात्र बसायला जागा मिळाली म्हणून
आनंद झाला होता.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

नववीत नव्या इमारतींमधली मुलं आली,
पाइपलाइनवरून उठवून माहुलला आणलेली.
त्यांच्याकडे लिफ्ट होती आणि पाणी नव्हतं.
आमच्याकडे होड्या होत्या, खाडी होती,
पाणी आमच्याकडेही सकाळी पाऊण तासच.
पहिली घटक चाचणी होईपर्यंत डबे वेगळे,
मग हेमाली कोळीने वांग्यात सोडे घातलेली भाजी आणली
आणि शबिस्ताने न विचारता बोट बुडवलं.
प्रतीश म्हात्रे त्यांच्या लिफ्टने सातव्या मजल्यावर गेला,
तिथून आपलं गाव बघून परत आला
आणि दिवसभर गप्पच.
शेवटच्या तासाला म्हणाला,
केवढंसं आहे रे.

दहावी आठवते ती तुकड्यातुकड्यांनी.
सकाळी सातचा जादा तास, उपाशी पोटी प्रमेय.
हॉल तिकिटावर प्रतीशचे डोळे मिटलेले.
हेमालीचा बाप पूर्वपरीक्षेत होडी घेऊन गेला
तो चार दिवस आला नाही,
तिने तरीही बीजगणितात शंभरपैकी
नाही, किती ते ती अजून सांगू देत नाही.
चेंबूरच्या केंद्रावर एका बाकावर एकच.
तीन तास मी
कडेला सरकूनच बसलो होतो.

निरोप समारंभाला समोसे सांगितले होते.
घेऊन आला तो यल्लप्पा.
मिसरूड फुटलेली, शर्टावर केटररचं नाव.
किती जण, त्याने विचारलं.
छत्तीस, मी म्हटलं.
त्याने मोजून छत्तीस ठेवले,
मग खोक्यातून आणखी एक काढला
आणि आमच्यातच उभा राहून खाल्ला.
ओव्हाळ बाईंनी चष्मा वर करून पाहिलं.
ओळखलं की नाही, कळलं नाही.
फोटोच्या वेळी तो खोका काखेत धरून निघून गेला,
दुसरी ऑर्डर होती गोवंडीला.

जूनमध्ये दाखला आणायला गेलो.
शिरोडकर क्लार्क वळणदार लिहितात.
वर्तणूक: चांगली.
प्रगती: समाधानकारक.
शाळा सोडल्याचे कारण: दहावी उत्तीर्ण.
सही कर म्हणाले, आणि रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.

मी विचारलं, यल्लप्पाच्या कारणात काय लिहिलंय?
त्यांनी मागची पानं चाळली,
थुंकी लावून, सावकाश.
म्हणाले, त्याचा दाखला न्यायला कुणी आलंच नाही.
काढलेलाच नाही रे.
म्हणजे कागदावर बघशील तर
तो अजून आठवी ब मध्येच आहे.

मग पेनाचं टोपण लावत म्हणाले,
पुढचा कोण?
बाहेर रांगेत कुणीच नव्हतं.